नोंद करणारा: थोरले

इस्पितळात दोघे भाऊ एकाच खोलीत बसायचे, एकाच किटलीतला चहा प्यायचे आणि एकाच सुरात "बघतो" म्हणायचे. त्यामुळे लोकांनी त्यांची नावं लक्षात ठेवायची तसदी कधी घेतलीच नाही. मोठे ते थोरले आणि लहान ते धाकटे. कॉम्प्युटर हटून बसला, प्रिंटरने कागद गिळला की फोन यायचा, "थोरल्यांना पाठवा." थोरले दुसरीकडे अडकलेले असले तर पलीकडून एक उसासा आणि मग, "बरं, धाकट्यांना तरी पाठवा." त्या 'तरी'चं धाकट्यांना कधी वाईट वाटलं नाही. दादापेक्षा आपल्याला कमी येतं हे त्यांना मान्य होतं, आणि दादा शेजारच्या खुर्चीत असताना जास्त येऊन करायचं काय होतं?

ती खुर्ची आता रिकामी होती. थोरले गेले ते याच इमारतीत. दुपारच्या वेळी काम करता करता छातीवर हात ठेवून म्हणाले, "पंखा जरा वाढव रे." पंखा आधीच शेवटच्या आकड्यावर होता. वर तिसऱ्या मजल्यावर नेलं, पडद्याआड डॉक्टरांनी शर्थ केली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत सगळं आटोपलं.

पण इस्पितळात बरेच दिवस कुजबुज चालली ती मरणाची नव्हे. मरण तिथे रोजचंच. कुजबुज होती धाकट्यांची. सख्खा भाऊ पडद्यामागे नुकताच गेलेला, आणि हा गृहस्थ सिस्टरच्या टेबलाखाली शिरून वायरी बघतोय! कनेक्शन तुटलं होतं म्हणे. वहिनी लिफ्टमधून धावत बाहेर आल्या तेव्हा त्यांना आधी दिसले ते टेबलाखालून बाहेर आलेले दिराचे दोन पाय. त्यांनी ते ओळखले, कारण पायातले मोजे त्यांनीच आणून दिले होते.

वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. घरातली भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली, तेव्हा एकदाच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तिथंसुद्धा दुरुस्तीच करत बसलात." आवाज चढवला नाही की डोळ्यांना पदर लावला नाही. एवढं बोलून त्या आत गेल्या आणि दार ओढून घेतलं.

 धाकटे सांगणार तरी काय? प्रोग्रॅम अडकला होता, मी खाली वाकलो, वायर बघितली, चालू झालं. त्यांना आठवत होतं ते एवढंच. आईवडील लहानपणी गेले, दादाने वाढवलं, दादाने धंद्याला लावलं. लग्नाचं आज करू उद्या करू करत राहूनच गेलं. साऱ्या जगात "जेवल्याशिवाय जायचं नाही हं" असा दम त्यांना देणारं एकच घर होतं, दर रविवारचं. त्या घराची पायरी चढायची आता त्यांना छाती होत नव्हती. वहिनी फोन करत नव्हत्या, आणि हे करू शकत नव्हते.

बरं, दुःखाने खचले म्हणावं तर तसंही नाही. आपण खचलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांनाच वाटे. माणूस व्यवस्थित दाढी करत होता, वेळेवर येत होता, ठरल्या वेळी झोपत होता. चहा गार झालेला कळत नसे आणि गरम असला तरी कळत नसे. एकदा आरशासमोर उभं राहून त्यांनी रडण्याचा प्रयत्न करून पाहिला. चेहरा वाकडा झाला, बाकी काही झालं नाही. तेव्हा त्यांनी मनाशी निकाल लावून टाकला की वहिनींचं बरोबर आहे, आपण दगडच. निकाल लागल्यावर त्यांना गाढ झोप लागली. हे दुसऱ्या दिवशी आठवून ते थोडे घाबरलेही होते.

अशात सर्व्हर हलवायचं निघालं.

इस्पितळाचा सगळा डेटाबेस, म्हणजे पेशंटच्या साऱ्या नोंदी, तळघरातल्या एका जुन्या मशीनवर होता. तळघराच्या भिंतींना ओल यायची आणि थोरले त्या मशीनच्या अंगावर अक्षरशः प्लॅस्टिकचा रेनकोट घालत. नव्याने आलेल्या कॉम्प्युटर विभागाच्या मॅडमनी तो रेनकोट पाहिला आणि कपाळाला हात लावला. बाई कामाची पक्की होती, उगीच बडेजाव नाही. शनिवारी दुपारपर्यंत तिने सगळा डेटाबेस रस्त्यापलीकडच्या इमारतीतल्या नव्या सर्व्हरवर नेला. मग धाकट्यांनी आपल्या टेबलावरचा प्रोग्रॅम उघडून पाहिला.

स्क्रीनवर एक चौकट आली. 'थोरले यांना प्रवेश नाकारला आहे.'

धाकट्यांनी ती वाचली, 'ठीक आहे'चं बटण दाबलं आणि मॅडमना फोन केला.

आता हे थोरले तिथे कसे, ते सांगायला हवं. हा प्रोग्रॅम पहिल्यांदा बसवला तेव्हा प्रत्येक मशीनने सर्व्हरच्या दाराशी जाऊन नाव आणि पासवर्ड सांगायचा, अशी रीत होती. थोरल्यांनी तपासणीपुरतं स्वतःचं नाव टाकलं. म्हणाले, उद्या प्रत्येक विभागाचं वेगळं नाव करू. पण हा 'उद्या' काही उगवला नाही. मशीनमागून मशीन वाढत गेली आणि धाकट्यांनीही डोळे झाकून प्रत्येकावर तेच नाव टाकलं. परिणाम असा की नोंदणीच्या खिडकीवर कुणी बसो, औषधांच्या काउंटरवर कुणी उभं राहो, सर्व्हरच्या लेखी सगळीकडे थोरलेच. प्रत्येक नोंदीखाली छोट्या अक्षरांत 'नोंद करणारा: थोरले' असं पडायचं. वर्षानुवर्षं ते कुणी वाचलं नाही. औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापील कोण वाचतो?

मॅडमनी वाचलं होतं. "तुमचे बंधू अजूनही दिवसाला हजारभर नोंदी करतायत," त्या म्हणाल्या. "कामसू माणूस आहे म्हणून मी चौकशी केली. तेव्हा कळलं." मग त्यांचा आवाज उतरला. "मला माफ करा, मी गमतीने म्हणायला नको होतं."

"नाही, तसा कामसूच होता," धाकटे म्हणाले.

"झालंय असं की डेटाबेसच्या आत त्यांचं नाव आलंय, पण नव्या सर्व्हरच्या दारावर त्यांना कुणी ओळखत नाही. हलवाहलवीत होतं असं. त्याला ऑर्फन युजर म्हणतात." आणि त्या एकदम गप्प झाल्या. ऑर्फन म्हणजे अनाथ हे दोघांनाही माहीत होतं. ही कॉम्प्युटरवाली माणसं नावं ठेवताना मागचापुढचा विचार करत नाहीत, त्याचा हा पुरावा.

"मग त्यांची दारावर पुन्हा ओळख करून द्यायची का?" धाकट्यांनी विचारलं.

"नाही. एका माणसाच्या नावावर अख्खं इस्पितळ चालवायचं नाही, आणि तो माणूस..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "विभागवार नवी नावं केलीयत मी. प्रत्येक मशीनवर जाऊन जुनं काढायचं आणि नवं टाकायचं. जुन्या नोंदींना हात लावायचा नाही. सगळी मशीन झाली की मला फोन करा, मग मी आतलं थोरले हे नाव कायमचं काढून टाकेन. सोमवारी खिडक्या उघडायच्या आत व्हायला हवं. तुम्हाला जड जाणार असेल तर मी दुसऱ्या कुणाला सांगते."

"मशीन मला माहीत आहेत," धाकटे म्हणाले. "मी करतो. रविवारी मोकळाच असतो."

रविवारी सकाळी ते तळमजल्यापासून सुरू झाले. तातडीच्या पेशंटची खिडकी उघडी होती आणि तिथल्या बाई हातात पेन घेऊन कागदावर नावं लिहीत होत्या. धाकट्यांना पाहताच त्यांनी खुर्ची सोडली. "अहो, सकाळी मशीन लावलं आणि हे थोरल्यांचं नाव! मला दरदरून घाम फुटला. एवढा सज्जन माणूस, कुठं हो प्रवेश नाकारला त्यांना?"

"सर्व्हरवर," धाकटे म्हणाले आणि खाली बसले.

काम तसं बिनडोक होतं. सेटिंगची खिडकी उघडायची. सर्व्हरचा पत्ता मॅडमनी जुनाच ठेवला होता, त्याला हात लावायचा नाही. खालच्या रकान्यातलं 'थोरले' पुसायचं, 'नोंदणी' लिहायचं, पासवर्ड टाकायचा, 'तपासा' दाबायचं. कनेक्शन यशस्वी. शेजारच्या मशीनकडे सरकायचं. पुन्हा 'थोरले' पुसायचं. पुसण्यासाठी की दाबून धरली की अक्षरं शेवटाकडून एकेक नाहीशी होत. धाकटे ते बघत आणि आपल्या आत काही हलतंय का याचा अंदाज घेत. काही हलत नसे. मग ते पुढच्या टेबलाकडे जात.

औषधवाल्यांच्या मशीनने थोडा वेळ खाल्ला. नवा पासवर्ड धाकट्यांनी मॅडमच्या मेलमधून उचलून चिकटवला होता आणि शेवटी एक रिकामी जागा चिकटून आली होती. डोळ्यांना दिसत नाही, सर्व्हरला दिसते. तीन वेळा नकार आल्यावर त्यांनी तो हाताने टाइप केला आणि गाडी सुरू झाली. औषधवाले म्हणाले, "थोरल्यांनी पहिल्या झटक्यात केलं असतं." धाकटे म्हणाले, "हो." औषधवाल्यांना मग इतकं ओशाळल्यासारखं झालं की ते खोकल्याच्या गोळ्या पुन्हा पुन्हा नीट रचायला लागले.

एक्स-रेच्या खोलीत मात्र खरी अडचण आली. सगळं बिनचूक भरलं, 'तपासा' दाबलं की यशस्वी, आणि प्रोग्रॅम उघडला की तीच चौकट. थोरले यांना प्रवेश नाकारला आहे. धाकट्यांनी मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. नाव तर पुसलंय, मग हे येतं कुठून? एक्स-रेवाले मागे उभे राहून मानेवर श्वास टाकत होते. अखेर धाकट्यांना आठवलं. त्या मशीनमध्ये कनेक्शनच्या सेटिंगची खिडकी दोन ठिकाणी असते, एक नव्या प्रोग्रॅमांसाठी आणि एक जुन्यांसाठी. दिसायला जुळ्या बहिणी. समोर उघडते ती नवी, आणि एक्स-रेचा जुना प्रोग्रॅम वाचतो ती दुसरी, आडबाजूच्या फोल्डरमधली. घोडं तिथे पेंड खात होतं. दादा अशा वेळी टेबलावर बोट वाजवून म्हणायचा, "अरे, दुसरीला विचार, दुसरीला!"

त्यांनी दुसरीला विचारलं. तिच्यात नाव जसंच्या तसं होतं. पुसलं.

दुपारपर्यंत खालचे मजले झाले. जिन्याने चढायचं तर तिसरा मजला आधी येत होता, पण धाकटे आधी चौथ्यावर गेले, मग पाचव्यावर, मग गच्चीलगतच्या त्या कोंदट खोलीत, जिथे चादरींचा हिशेब ठेवणारं एक मशीन होतं आणि ते आठवड्यातून एकदाही कुणी उघडत नसे. तेही त्यांनी मन लावून केलं. मग करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, तेव्हा ते तिसऱ्या मजल्यावर उतरले.

मजला शांत होता. भेटायच्या वेळेला अजून अवकाश होता. सिस्टर त्याच टेबलाशी बसल्या होत्या. नोकरीत केस पांढरे झालेल्या, बोलायला जरा फटकळ, पण पेशंट त्यांच्यावर जीव टाकत. त्यांनी धाकट्यांकडे पाहिलं, खुर्ची मागे घेतली आणि म्हणाल्या, "या. तुमचीच वाट बघत होते."

धाकट्यांनी टेबलाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं नाही. सेटिंग उघडलं. 'थोरले' पुसलं आणि 'तिसरा मजला' लिहिलं. तपासा. यशस्वी.

"झालं," ते म्हणाले. "कुठल्याही पेशंटचा नंबर सांगा, उघडून बघू."

सिस्टरनी एक नंबर सांगितला. न बघता, तोंडपाठ. धाकट्यांनी तो टाकला आणि पान उघडल्यावर त्यांना कळलं की तो दादाचा आहे. नाव, वय, दाखल झाल्याची वेळ. खाली मृत्यूची नोंद. आणि त्याखाली बारीक अक्षरांत, नोंद करणारा: थोरले.

"बघितलंत?" सिस्टर म्हणाल्या. "नोंद मी टाकली. माझ्या या बोटांनी. आणि खाली नाव त्यांचं पडलं. माणसाने स्वतःच्या मरणाची नोंद स्वतः केली असं दिसतं ते. तेव्हापासून माझ्या मनाला लागून राहिलंय. बदलता येईल का? माझं नाव टाका तिथं."

"जुन्या नोंदींना हात लावायचा नाही, असं सांगितलंय," धाकटे म्हणाले. त्यांना काहीच वाटलं नव्हतं, आणि ते सिस्टरना कळेल याची भीती वाटत होती. म्हणून ते पुढे बोलत राहिले. "तरी त्या दिवशी कनेक्शन वेळेवर चालू झालं म्हणून बरं. नाहीतर नोंद अडकून पडली असती. मी वायर बघितली तेव्हा..."

"कसली वायर बघितलीत?"

"तुमचा प्रोग्रॅम अडकला होता ना. कनेक्शन तुटलं होतं. मी खाली जाऊन दुरुस्त केलं."

सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला खरंच असं वाटतं?"

"म्हणजे?"

"अहो, मशीन ठणठणीत चालू होतं. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी मला वेळ सांगितली, मी टाइप करायला घेतलं. तुम्ही इथे, या कोपऱ्याला टेकून उभे होता. माझ्या स्क्रीनकडे बघत होता. मी नोंद जवळजवळ पुरी केली आणि तुम्ही एकदम खाली बसलात, टेबलाखाली शिरलात, आणि माझा प्रोग्रॅम मेला. मी वाकून बघितलं, तर भिंतीतून उपटलेली वायर तुमच्या मुठीत."

धाकट्यांनी आपली मूठ उघडून पाहिली.

"मी म्हटलं, धाकटे, काय करताय? तुम्ही म्हणालात, बघतो. नेहमी म्हणता तसं. बघतो, बघतो म्हणत राहिलात आणि वायर सोडेनात. मी कुणाला हाक मारली नाही. मला वाटलं, धरू दे. तेवढ्यात तुमच्या वहिनी आल्या, पडद्याआड गेल्या, आतून त्यांचा आवाज आला. तो ऐकून तुम्ही वायर परत लावलीत आणि उभे राहिलात. मला म्हणालात, झालं दुरुस्त, टाका आता. मग मी पहिल्यापासून पुन्हा टाकली." सिस्टरनी चष्मा काढून पदराने पुसला. "लोक काय काय बोलले तुमच्याबद्दल. मी दोघातिघांना झापलंसुद्धा. पण तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चालले होते मी."

धाकट्यांना ठाऊक नव्हतं. ते टेबलाखाली बघत होते. भिंतीतल्या खोबणीत वायर घट्ट बसलेली होती. वायर उपटताना बोटांना कसा हिसका बसतो ते त्यांना आठवलं, कारण हजारदा उपटली होती. पण त्या दुपारचा तो हिसका आता हळूहळू वर येत होता, मनगटातून कोपरापर्यंत, कुणीतरी दुसऱ्याच्या हाताबद्दल सांगावं तसा नव्हे, स्वतःच्याच हाताचा. 

मॅडमना फोन करायचा होता. सगळी मशीन झाली म्हणून सांगायचं आणि त्या तिकडून ते नाव काढून टाकणार. धाकट्यांनी खिशातून फोन काढला आणि वहिनींचा नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"बोला," वहिनी म्हणाल्या. कोरड्या आवाजात.

"वहिनी, मी दुरुस्ती करत नव्हतो."

"काय?"

"त्या दिवशी. टेबलाखाली. मला आत्ता सिस्टरनी सांगितलं. मी वायर काढली होती. भिंतीतून उपटली होती मी." धाकट्यांचा आवाज फाटत चालला होता आणि त्यांना तो थांबवता येत नव्हता. "त्या दादा गेल्याची नोंद टाकत होत्या. मी टाकू दिली नाही. धरून बसलो होतो."

 वहिनींनी विचारलं, अगदी हळू, "मी आले तेव्हासुद्धा हातात होती?"

"हो."

"म्हणजे मी आले, त्यांच्याजवळ गेले, तोवर नोंद झाली नव्हती."

"नव्हती."



"मग परत लावलीत कशाला हो, भावजी?"

धाकट्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून शब्दाऐवजी असा काही आवाज निघाला की वॉर्डातले दोन पेशंट उठून बसले. सिस्टरनी उठून दार लोटून घेतलं. धाकटे खुर्चीतून खाली टेबलाशी फरशीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले, नाक गळत होतं, फोन कानाला तसाच. पलीकडे वहिनीही रडत होत्या. दोघांनाही बोलता येत नव्हतं, पण फोन कुणीच ठेवला नाही.